डांबरी रस्ता आणि ऑल-टेरेन टायर : लहान मालवाहू गाडीसाठी निवड कशी करावी?

काजूचा हंगाम सरतो, मे महिना अखेरीस येतो आणि गोव्याच्या ग्रामीण भागातील पिकअप गाड्यांच्या मालकांना टायरची आठवण होते. वर्षभर नारळ, सुपारी, केळी, चिरे, खताच्या गोणी वाहून झिजलेले टायर पावसाळ्यात दगा देणार हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. दुकानात गेल्यावर दुकानदार दोन-तीन प्रकार पुढे मांडतो. एक साधा, लांब सरळ खाचांचा, महामार्गासाठी बनविलेला. दुसरा रुंद खाचांचा, जाड ठोकळ्यांचा, दिसावयास दणकट, ज्याला ऑल-टेरेन म्हणतात. सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारा, असा त्या नावाचा अर्थ. कुळागराकडे उतरणारी निसरडी वाट ज्याच्या डोळ्यांपुढे असते, त्याचा हात साहजिकच दुसऱ्या टायरकडे जातो. दोन पैसे अधिक गेले तरी चालतील, पण गाडी चिखलात रुतावयास नको, असा त्यामागील विचार असतो.

हा विचार चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. वर्षातील सर्वांत वाईट दिवस नजरेपुढे ठेवून टायर निवडला तर उरलेल्या सर्व दिवसांचा हिशेब सुटून जातो. तो हिशेब आधी मांडून पाहणे इष्ट होय.

वाळपईच्या पलीकडील एखाद्या कुळागरातून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास माल नेणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. समजा, एका फेरीचे अंतर पन्नास किलोमीटर आहे आणि त्यांपैकी कुळागरापासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट दीड किलोमीटर मातीची आहे. म्हणजे शंभर किलोमीटरांत सत्त्याण्णव डांबरी आणि तीन मातीचे. आता जून ते सप्टेंबर हे पावसाचे चार महिने म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग. गोव्यात वर्षाला सरासरीने तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग याच चार महिन्यांत येतो. तेव्हा वर्षभराच्या शंभर किलोमीटरांपैकी ओल्या चिखलाचा भाग जेमतेम एक किलोमीटर भरतो. त्याच हिशेबाने ओल्या डांबराचा भाग मात्र बत्तीस किलोमीटर येतो. उरलेले सदुसष्ट किलोमीटर कोरड्या रस्त्याचे.

एकास बत्तीस हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ज्या टायरची चिखलात कसोटी लागते तोच टायर त्याच्या बत्तीसपट अंतर पावसाने न्हालेल्या डांबरावरून, माणसे आणि माल घेऊन, वळणे आणि उतार पार करीत धावणार असतो. चिखलात रुतलेल्या गाडीचा एक दिवस बुडतो, भाजी सुकते, दूध नासते. ओल्या उतारावर ब्रेक लावूनही न थांबणाऱ्या गाडीचे नुकसान दिवसांत मोजता येत नाही. प्रत्येक वाहनधारकाने आपल्या वाटेचा असा हिशेब स्वतः करावा. कोणाचे मातीचे अंतर दीड किलोमीटर असेल तर कोणाचे बारा, आणि उत्तर त्याप्रमाणे बदलेल.

टायर जमिनीला टेकतो तरी किती?

टायरच्या नक्षीविषयी बोलण्यापूर्वी एक साधे गणित पाहावे. गाडीच्या एका चाकावर पाचशे किलोग्रॅम भार आहे आणि चाकात चाळीस पौंड हवा आहे असे धरले, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे एकशे ऐंशी चौरस सेंटिमीटर येतो. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड घेतले तर दीड पोस्टकार्डाहून किंचित कमी. अशा चार तुकड्यांवर गाडी धावते, वळते आणि थांबते.

हा तुकडाही सगळा रबराचा नसतो; त्यात खाचा असतात. महामार्गाच्या टायरमध्ये साधारणतः पाऊण भाग रबर व पाव भाग मोकळी जागा असते. निव्वळ चिखलासाठी बनविलेल्या टायरमध्ये मोकळी जागा निम्म्याच्या जवळपास पोहोचते. ऑल-टेरेन टायर या दोहोंच्या मध्ये बसतो. मोकळी जागा वाढली की मऊ मातीत ठोकळे रुततात व पकड मिळते. परंतु कठीण आणि सपाट डांबरावर रुतावयास काही नसते. तेथे पकड मिळते ती रबर रस्त्याला चिकटल्याने, आणि टेकणारे रबर जितके कमी तितकी ही पकड कमी. शिवाय उंच, सुटा ठोकळा ब्रेक लावताना लचकतो. सलग पट्टीचे रबर तसे लचकत नाही. आणखी असे की, दगडावर ठोकळ्यांचे तुकडे उडू नयेत यासाठी ऑल-टेरेन टायरचे रबर पुष्कळदा अधिक चिवट मिश्रणाचे असते. चिवट रबर टिकाऊ असते, पण ओल्या डांबरावर ते मऊ रबराइतके धरून राहत नाही.

येथे एक शंका सहज उद्भवते. रुंद आणि खोल खाचा जर पाणी वाहून नेतात, तर ऑल-टेरेन टायर पावसात अधिक सुरक्षित का मानू नये? या शंकेत तथ्य आहे, आणि दुकानदार तिचाच आधार घेतात. परंतु ओला रस्ता दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात रस्त्यावर पाणी साचलेले असते व वेगाने जाणाऱ्या चाकाखाली पाण्याचा थर शिरून चाक जमिनीपासून उचलले जाते. सुकाणू हलके लागते, गाडी तरंगू लागते. येथे खोल खाचा निःसंशय उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारात पाणी साचलेले नसते. रिमझिम पावसाने रस्त्यावर पातळ ओलावा असतो, त्यात तेल व धूळ मिसळलेली असते. या पातळ थराला छेदून रबराने रस्त्यापर्यंत पोहोचावे लागते. हे काम रुंद खाचांचे नव्हे. ते ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या दिसणाऱ्या बारीक चिरांचे आणि रबराच्या मिश्रणाचे काम आहे. कोकणपट्टीतील पावसाळ्यात दोन्ही प्रकार भेटतात, पण पहिल्या सरीनंतरचा, मोसमाच्या आरंभीचा निसरडा रस्ता हा दुसऱ्या प्रकारचा असतो.

पाण्यावर तरंगण्याच्या बाबतीत हवेचाही मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून असे दाखविले की, रस्त्यावर पुरेसे पाणी असता चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर ठरते. त्यांच्या सूत्राप्रमाणे छत्तीस पौंड हवेला हा वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटर येतो; पंचवीस पौंडाला तो सुमारे त्र्याऐंशीवर उतरतो. पूर्ण खाचांचा टायर थोडा अधिक वेळ तग धरतो आणि गुळगुळीत झालेला टायर मात्र सूत्राबरहुकूम वागतो. चिखलात गाडी काढण्यासाठी हवा कमी करून ती पुन्हा भरावयास विसरणारे वाहनचालक महामार्गावर कोणता धोका पत्करतात, हे यावरून समजेल.

चिखल म्हणजे कोणता चिखल?

सर्व भूमीवर चालणारा टायर खरोखर सर्व भूमीवर चालत नाही. गोव्यातील जांभ्या दगडाच्या वाटेवर पावसात वरचा बोटभर थर साबणासारखा होतो, पण खाली कठीण पाया असतो. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे हा थर बाजूस सारून खालच्या कठीण भागास पकडतात. येथे तो आपली किंमत वसूल करून देतो. याउलट बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील गोकाक, बैलहोंगल, अथणी या भागांतील काळी माती निराळ्या स्वभावाची. ती भिजली की चिकट होते, खाचांत जाऊन बसते आणि निघत नाही. दोन-चार फेरे होताच ऑल-टेरेन टायरच्या सर्व खाचा बुजतात व तो गोटा झालेल्या टायरसारखाच घसरू लागतो. चिखलाच्या खास टायरमध्ये खाचा इतक्या रुंद असतात की चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ऑल-टेरेनमध्ये तितकी सोय नसते. काळ्या मातीच्या प्रदेशातील शेतकऱ्याने केवळ चिखलासाठी हा टायर घेतला तर त्याची निराशा होण्याचा संभव अधिक. तेथे पाऊस उघडून एक दिवस ऊन पडेपर्यंत गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून माल बैलगाडीने वा ट्रॅक्टरने आणण्याची जुनी रीतच शहाणपणाची आहे. समुद्रकाठच्या वाळूत तर खोल खाचांचा उलट तोटा होतो. चाक वाळू उपसून स्वतःच खड्डा करते. वाळूत हवा कमी करणे हाच उपाय.

वास्तविक ऑल-टेरेन टायरचा खरा गुण चिखलाहून दगडावर दिसतो. चिरेखाणीकडे जाणारी वाट, फुटक्या खडीचा रस्ता, जांभ्याच्या धारदार कडा, काजूच्या बागेतील कापलेल्या झुडपांचे खुंट, अशा ठिकाणी साध्या टायरची बाजूची भिंत फाटते. बाजूच्या भिंतीला पडलेली चीर पंक्चरप्रमाणे सांधता येत नाही. नवा टायरसुद्धा त्या एका घावाने निकामी होतो. चांगल्या ऑल-टेरेन टायरच्या भिंतीत धाग्यांचा अधिक थर असतो, खांद्यापाशी जाड रबर असते आणि खाचेच्या तळाशी दगड अडकू नयेत म्हणून लहान उंचवटे ठेवलेले असतात. ज्याच्या गाडीला दररोज अशा वाटेने जावे लागते, वर्षातून एक-दोन टायर बाजूने फाटून वाया जातात, त्याने हा टायर अवश्य घ्यावा. मातीचे अंतर थोडे असले तरी ते दगडाळ असेल तर हिशेबाचे पारडे इकडे झुकते.

घ्यावयाचाच झाला तर

ऑल-टेरेन या एकाच नावाखाली सौम्य आणि उग्र असे अनेक टायर विकले जातात. मुख्यतः डांबरावर चालणाऱ्या गाडीसाठी सौम्य प्रकारच योग्य होय. तो ओळखणे अवघड नाही. टायर उभा करून समोरून पाहावा. मधोमध सलग किंवा जवळजवळ सलग पट्टी दिसली, ठोकळे एकमेकांना चिकटून असले आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असल्या, तर तो डांबरी रस्त्याचा विचार करून बनविला आहे असे समजावे. मधले ठोकळे सुटे, त्यांच्यात बोट सहज जाईल इतकी फट आणि वर एकही चीर नाही, असा टायर दिसावयास रुबाबदार असला तरी चोर्ला घाटातील पावसाळी उतार त्याच्यासाठी नव्हे. ठोकळे एकाच आकाराचे नसून लहान-मोठे असणे हेही चांगले लक्षण, कारण त्यामुळे वेगात होणारा सततचा घोंगावणारा आवाज विखुरला जातो. दूरच्या फेऱ्या करणाऱ्या चालकाला तासन्तास ऐकू येणारी ती घरघर थकवा आणते, ही बाब क्षुल्लक मानू नये.

नक्षीपेक्षाही महत्त्वाचे असते ते टायरच्या भिंतीवर रोमन लिपीत उठवलेले लिखाण. ते वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच असा अर्थ होतो. त्यापुढे १०४/१०१ असे आकडे असतात. हे भारांक होत. १०४ म्हणजे एकेरी चाकावर ९०० किलोग्रॅम, १०१ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी ८२५ किलोग्रॅम. त्यानंतरचे अक्षर वेगमर्यादा दाखविते. क्यू असेल तर ताशी १६० किलोमीटर, आर असेल तर १७०. आठ पी.आर. असे लिहिलेले असेल तर टायरमध्ये प्रत्यक्ष आठ पदर आहेत असे मात्र नव्हे. पूर्वी सुती धाग्यांचे पदर मोजून टायरची ताकद सांगत. आता धागे नायलॉनचे वा पोलादाचे आले आणि पदर कमी झाले, पण ताकद सांगण्याची ती जुनी भाषा राहिली.

हे आकडे पाहण्याचे कारण असे : समजा, पूर्ण भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावर १,८५० किलोग्रॅम भार येतो. दोन चाकांत प्रत्येकी ९२५. येथे १०४ भारांकाचा टायर २५ किलोग्रॅमने कमी पडतो. १०६ भारांकाचा, म्हणजे ९५० किलोग्रॅमचा तरी हवा. जीप वा मोटारगाडीसाठी बनविलेले, त्याच मापाचे पण कमी भारांकाचे ऑल-टेरेन टायर बाजारात मिळतात आणि नक्षी तीच असल्याने फरक डोळ्यांना दिसत नाही. भाराखाली असा टायर तापतो, आणि तापलेला टायर उन्हाळ्याच्या दुपारी कोठे फुटेल याचा नेम नसतो. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही पाहावे. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आय.एस. १५६३६ आणि प्रवासी मोटारींच्या टायरसाठी आय.एस. १५६३३ अशी निरनिराळी मानके आहेत, त्यावरूनही टायर कोणत्या गाडीसाठी आहे याचा बोध होतो. शिवाय २०२२ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून मोटारी, हलके ट्रक व जड वाहने यांच्या टायरना रोलिंगचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांविषयीच्या कसोट्या लागू केल्या आहेत. ओल्या पकडीला कायद्याने मोजमाप मिळाले, ही पावसाळी प्रदेशाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे.

टायर ही या वाचकवर्गाला परकी वस्तू नव्हे, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही. फोंडा तालुक्यातील उसगाव, वडोदऱ्याजवळील लिमडा, ग्वाल्हेरजवळील बाणमोर या ठिकाणी मोठे टायर कारखाने आहेत आणि त्यांत काम करणारी माणसे अनेक गावांत सापडतात. दुकानदारापेक्षा अशा एखाद्या जाणत्या कामगाराला विचारले तर भारांकाचा अर्थ अधिक सोप्या भाषेत कळेल.

मोठ्या मापाचा मोह आवरावा. २१५ ऐवजी २३५/७५ आर १५ बसविला तर चाकाचा व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. मापकावर साठ दिसताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या वेगाने जात असते, चढावर इंजिनला अधिक ओढ लागते, ब्रेकवर ताण येतो आणि भरलेल्या गाडीत टायर चिखलरोधकाला घासतो. मालवाहू वाहनाच्या नोंदणीत टायरची संख्या, माप आणि पी.आर. यांची नोंद असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई करते. उंच टायर लावलेली गाडी तपासणीत अडली तर दोष तपासणाऱ्याला देता येणार नाही.

पुढे एक, मागे दुसरा

खर्च वाचविण्यासाठी एक तोडगा सर्रास केला जातो. पुढील दोन चाकांना साधे टायर आणि मागील दोन चाकांना ऑल-टेरेन. मागची चाके गाडी ढकलतात, तेव्हा चिखलात पकड मागेच हवी, हा त्यामागील तर्क. खाणीवरील टिपरच्या मागील चाकांना खोल खाचांचे टायर असतात, हे दृश्यही सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु टिपर भरलेला असताना मागच्या आसावर प्रचंड भार असतो आणि त्याचा वेग बेताचा असतो. पिकअपची गोष्ट वेगळी. बेळगावहून भाजी घेऊन आलेली गाडी म्हापशास रिकामी होते आणि परतताना तिची मागची बाजू हलकी असते. हलकी मागची बाजू आणि तिलाच ओल्या डांबरावर कमी पकड देणारा टायर, असा दुहेरी योग जुळला की पावसात वळणावर ब्रेक लावताच गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते व चालक वेग कमी करून तिला सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरण्यास क्षण मिळत नाही. ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले टायर मागेच असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा एक तर चारही टायर ऑल-टेरेन घ्यावेत किंवा चारही साधे. पाचवा, म्हणजे स्टेपनीचा, त्याच मापाचा असावा. रेडियल आणि जुन्या नायलॉन बांधणीचे टायर एकाच आसावर तर कधीही बसवू नयेत.

इंधनाचा विचारही करावा लागतो. जड आणि ठोकळ्यांचा टायर फिरवण्यास अधिक शक्ती लागते. टायरचा रोध दहा टक्क्यांनी बदलला तर मोटारगाडीच्या इंधनात एक ते दोन टक्क्यांचा फरक पडतो, असा सामान्य अंदाज आहे. वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणारी व लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी सुमारे १,६६७ लिटर डिझेल खाते. टायर बदलल्याने तीन टक्के वाढ झाली तर पन्नास लिटर अधिक. टायरच्या चार वर्षांच्या आयुष्यात ते दोनशे लिटर होतात. दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर हा आकडा नसतो.

ज्यांचा हिशेब साध्या टायरच्या बाजूने येईल, त्यांनी त्या शंभरातील एका किलोमीटरचे काय करावे? त्याला टायरशिवाय इतरही उपाय आहेत. दीड किलोमीटर वाटेवरील खरी अडचण बहुधा दोन-तीन ठिकाणीच असते, जेथे डोंगराचे पाणी वाटेवर उतरते. पावसापूर्वी तेथे आडवी चर खणून पाणी बाजूस काढले आणि चाकोऱ्यांपुरती जांभ्याची खडी दाबून भरली तर निम्मे काम होते. उताराच्या टोकाला दोन चाकोऱ्यांपुरते काँक्रीट टाकणे हा त्याहून कायमचा उपाय. चार शेजाऱ्यांची वाट एक असेल तर तो एकट्याच्या डोक्यावर पडत नाही, आणि ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. रिकामी गाडी मागून घसरत असेल तर मागच्या आसावर दोन-तीन खताच्या गोणी ठेवाव्यात. दोन फळ्या आणि फावडे गाडीत असावे. अगदी अडल्यास गाडी रिकामी करून हवा पंचवीस पौंडांच्या आसपास आणावी, पायी चालल्याच्या वेगाने बाहेर काढावी आणि डांबरावर येताच, वेग घेण्यापूर्वी, हवा पूर्ववत भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान पंप गाडीत ठेवणे हे एका टायरच्या तुलनेत फार स्वस्त पडते.

टायर कोणताही असो, झिजलेला असेल तर वरील सर्व चर्चा व्यर्थ होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे दुचाकी व तीनचाकी सोडून इतर वाहनांच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेल्या लहान आडव्या पट्ट्या ही मर्यादा दाखवितात. रबर झिजून पट्टीच्या पातळीला आले की टायर संपला. परंतु ही कायद्याची किमान मर्यादा आहे, सुरक्षिततेची नव्हे. तीन मिलिमीटरच्या खाली ओल्या रस्त्यावरील कामगिरी झपाट्याने ढासळते. जून उजाडण्यापूर्वी साध्या मोजपट्टीने खाच मोजावी आणि तीनपेक्षा कमी भरली तर पावसाळा त्या टायरवर काढू नये. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे एका कडेने अधिक झिजतात. दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर चाके पुढे-मागे बदलून घेतली नाहीत तर दुसऱ्याच वर्षी आवाज असह्य होतो.

खरेदीच्या दिवशी भिंतीवरील चार आकडी तारीखही वाचावी. २३२५ असे असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही कडक होते. पावतीवर माप, भारांक आणि ही तारीख लिहून घ्यावी. चाके बसविताना अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे आणि शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांच्या नटांची घट्टाई पुन्हा तपासावी. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा निसरडा अंश शिल्लक असतो. तो झिजून जाईपर्यंत, म्हणजे पहिले तीनशे ते पाचशे किलोमीटर, गाडी बेताच्या वेगाने चालवावी. म्हणून टायर बदलावयाचे ते पहिला पाऊस पडल्यावर नव्हे, तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच बदललेले बरे.